पाऊलाईची आणि तळपायाच्या खाजेची कहाणी

ऐका पाऊलाई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता हातात घ्या आणि पाय पसरून बसा. हो हो, पसरूनच. बाकीच्या कहाण्यांना पाय दुमडून बसायचं, या कहाणीला नाही. मधेच कुणाला खाजलं तर तिनं खुशाल खाजवावं, शेजारणीनं नाक मुरडू नये.

आटपाट नगर होतं. नगरात साळ्यांची आळी होती. आळीत खंडू साळी राही, त्याची म्हातारी आई राही, त्याची बायको भिवरा राही. घरात एक माग होता. भिवरा मागाच्या खड्ड्यात पाय सोडी, पायानं पावडी दाबी, हातानं धोटा फेकी. वेशीबाहेर पाऊलाईचं देऊळ होतं. वैशाखी पुनवेला देवीला नवं लुगडं नेसवायचं, ते याच घरच्या मागावर विणायचं, असा रिवाज होता. म्हातारीला त्या मानाचा मोठा तोरा.

त्या वर्षी पाडव्याला माग मांडला, लुगडं लावलं. मग काय झालं? भिवरेच्या डाव्या तळपायाला खाज सुटली. तळपायाच्या खळगीत, बरोब्बर मधोमध. पाहावं तर फोड नाही, पुरळ नाही, काटा नाही, चिखल्या नाहीत. कातडी लख्ख. पण खाज अशी की जीव नकोसा व्हावा. उंबऱ्यावर घासलं, थांबली नाही. काथ्यानं घासलं, थांबली नाही. कणसाच्या बुरकुंड्यानं घासलं, रक्त आलं, तरी थांबली नाही. रांजणाच्या ओलीत पाय धरावा, तर तेवढ्यापुरतं बरं वाटे. मग ती मागावर येई, पावडी दाबी, की पुन्हा आपलं सुरू. पाय उचलावा तर काठातला धागा सुटे. न उचलावा तर डोळ्यांतून पाणी सुटे. असं होता होता लुगड्याच्या काठात जागोजाग धागे सुटले.

सासूनं काठ पाहिला. म्हणाली, "हे काय गं भवाने?"

भिवरा म्हणाली, "आत्याबाई, पाय खाजतो."

"लोकांचे नाही खाजत, तुझाच बरा खाजतो! काहीतरी केलं असशील. देवीच्या लुगड्याला खोट आली, आमचा मान दुसऱ्याच्या घरी गेला, तर या घरात तुला जागा नाही. सांगून ठेवते!"

भिवरा घाबरली. तिच्या माहेरची चूल केव्हाच विझलेली. जागा गेली तर जायचं कुठं? दुसरं दार तिला नव्हतं.

मग वैद्य आला. वैद्यानं हाताची नाडी पाहिली. जीभ काढायला लावली, जीभ पाहिली. म्हणाला, "पित्त आहे. हिला खाण्यावर ताबा नाही. आंबट सोड, तिखट सोड." भिवरेनं आंबट सोडलं, तिखट सोडलं, आळणी भाकरी पाण्याबरोबर गिळली. खाज गेली नाही. बायांनो, वैद्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली. पाय पाहिला का? नाही पाहिला.

मग जोशी आला. जोश्यानं पंचांग पाहिलं, बोटं मोजली, कपाळ पाहिलं. म्हणाला, "मागल्या जन्मी गाईला लाथ मारली असशील. सोमवार धर, शुक्रवार धर, शनिवार धर." भिवरेनं तिन्ही वार धरले. खाज कुठला वार पाळीना. पाहा मेल्याची नजर! मागचा जन्म दिसला, त्यातली गाय दिसली, आणि समोर हातभर अंतरावरचा पाय दिसला नाही.

मग हळदीकुंकवाला आळीच्या बाया आल्या. एक म्हणाली, "केरसुणीला पाय लावला असशील." दुसरी म्हणाली, "दिवेलागणीला पाय धुतले नसशील." तिसरी हसली, म्हणाली, "अगं, तळपाय खाजला म्हणजे प्रवास घडतो म्हणतात. जायचंय वाटतं कुठं!" झालं! सासूला एवढंच हवं होतं. "तरी म्हटलं, हिचा पाय घरात ठरत का नाही!" बाया तोंडाला पदर लावून हसल्या, कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली, घरी गेल्या. त्यांनी भिवरेचं तोंड पाहिलं, लुगडं पाहिलं, घरातली भांडी पाहिली. पाय पाहिला का? नाही पाहिला.

तुम्हीही नसता पाहिला, खाली काय बघता? मीही नसता पाहिला. आपल्याला कुणी दुखणं सांगितलं की आपण आधी दोष शोधतो. दोष सापडला की बरं वाटतं. आपल्याला, दुखणाऱ्याला नव्हे!

मग वैशाख आला. पुनव चार दिवसांवर आली. मंगळवार होता. भरदुपारी सासू मागाजवळ आली. काठ हातात धरला, सुटलेले धागे पाहिले, कपाळावर हात मारला. "पांढऱ्या पायाची! माझ्या सात पिढ्यांच्या मानाला खाज सुटली तुझ्यापायी! ऊठ, हो चालती!" भिवरेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली मान घालून सुताच्या कांड्या भरत होता. त्यानं ऐकलं, आणि न ऐकलंसं केलं. भर बाबा, भर! बायको उन्हात चालली तरी कांडी रिकामी राहता कामा नये!

भिवरेनं तांब्याभर पाणी घेतलं, अर्धी भाकरी घेतली, आणि ती निघाली. ऊन कसं, तर डोकं भाजेल असं. वेशीपाशी आली, देवळात शिरली. देवळात चिटपाखरू नव्हतं. समोर पाऊलाई उभी. काळा पाषाण, अंगावर गेल्या वर्षीचं लुगडं, खाली उघडे पाय. पायांवर तेलाची, शेंदराची, कुंकवाची बोटभर पुटं. भिवरा पायरीवर बसली. तळपाय पायरीच्या काठाला घासला, घासला, आणि मग जी भडकली.

"देवी, सांग! माझं काय चुकलं? कुठला वसा मी टाकला? उतले का? मातले का? दारी आलेल्याला विन्मुख पाठवलं का? तुझं लुगडं विणत होते गं मी! आंबट सोडलं, तिखट सोडलं, तिन्ही वार धरले. आता उरलं काय सोडायचं? आज मला दोष दाखव, नाहीतर इथून मी उठायची नाही!"

तोच खांबाआडून एक म्हातारी आली. लंगडत आली, पायरीवर बसली, आणि आपला डावा तळपाय पायरीला घासू लागली. म्हणाली, "ओरडू नकोस गं. दोष नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला नाही तर कुणाला? मीच ती पाऊलाई. तू उतली नाहीस, मातली नाहीस, काही टाकलं नाहीस."

"मग पाय का खाजतो?"

"मला काय ठाऊक!"

भिवरा उठून उभीच राहिली. "अहो, तुम्ही देवी ना?"

"देवी म्हणून काय झालं? हा माझाच पाय बघ. किती वर्षं झाली, वळवळतोय नुसता. लोक येतात, त्यावर डोकं ठेवतात, तेल ओततात, पोर माग, पीक माग, जावयाला अक्कल माग. बाई, तुला कुठं खाजतं का, असं एकानं विचारलं नाही. देवीचा पाय म्हणे खाजत नसतो!"

भिवरेनं पाहिलं. पायरीवरच्या म्हातारीच्या पायांवर तीच पुटं, तेच तेल, तोच शेंदूर. ती खाली बसली. तिनं म्हातारीचा पाय मांडीवर घेतला. नखांनी पूट खरवडलं, पदरानं पुसलं, आणि तांब्यातलं पाणी धार धरून त्यावर घातलं. तिचं पिण्याचं पाणी हो ते, भर वैशाखातलं, सगळंच्या सगळं घातलं. म्हातारीनं डोळे मिटले. म्हणाली, "अगं आई गं! हुश्श!"

मग म्हातारी म्हणाली, "आण तुझा पाय."

"अहो आई, नको! देवीला पाय लागला तर पाप लागेल."

"गप बैस. पुष्कळ ऐकलं पाप. कुठं खाजतं ते सांग. इथं?"

"जरा वर."

"इथं?"

"थोडं डावीकडे."

"इथं?"

"हां! तिथंच! तिथंच आई!"

आणि बायांनो, भिवरा रडू लागली. पाडव्यापासून तिला साऱ्यांनी का खाजतं ते सांगितलं होतं. कुठं खाजतं हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

खाज गेली का? नाही गेली. खोटं कशाला सांगू, हातात अक्षता आहेत. पण बारीक झाली, सोसवेल एवढी झाली.

मग भिवरा म्हणाली, "आई, मला वसा द्या." देवी म्हणाली, "वैशाखातल्या मंगळवारी गार पाण्याचा तांब्या भरावा. ज्याच्या दुखण्याचं कारण सापडत नाही, त्याच्या घरी जावं. त्याचं दुखतं अंग मांडीवर घ्यावं, पाणी घालावं. कुठं, असं विचारावं. का, असं विचारू नये. तुझंच काहीतरी चुकलं असेल, हे मनात आलं तर आवंढ्याबरोबर गिळावं. माणूस आवडता असो, नावडता असो, वसा तोच. जा आता घरी."

"घरातून मला हाकललंय, आई."

"मागावर लुगडं कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग ते पुरं कोण करणार? सुटलेले धागे सुटलेलेच असू देत. मी तेच नेसणार. घर तुझ्या सासूचं असेल, लुगडं माझं आहे."

एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. भिवरा उठली, घरी आली. पाहते तो काय! दारात आळी गोळा झालेली, आणि सासू उंबऱ्याला आपला डावा तळपाय घासतेय. घासतेय आणि रडतेय. तळपायाच्या खळगीत, बरोब्बर मधोमध. फोड नाही, पुरळ नाही, काही नाही.

बाया काय म्हणत होत्या? तुम्ही मनातल्या मनात म्हणताय तेच! "सुनेला उन्हात घालवलीत, भोगा आता!" एक म्हणाली, दुसरी म्हणाली, तिसरीनं तर बोटं मोडली. खरं सांगू? मी तिथं असते तर चौथी मीच. अगं, इतकं सोपं होतं! भिवरेनं नुसतं म्हणायचं होतं, "काहीतरी केलं असेल, आत्याबाई." एवढंच. तोंडात आयतं आलेलं वाक्य. भिवरेच्याही तोंडात आलं. आणि तिनं ते आवंढ्याबरोबर गिळलं.

ती खाली बसली. सासूचा पाय मांडीवर घेतला. सासूनं विचारलं, "भिवरे, तुला हाकललं म्हणूनच ना गं हे झालं?"

भिवरा म्हणाली, "मला हाकललंत ते चुकलंच. ते मी विसरायची नाही. पण खाज त्यापायी आली नाही. ती आपली येते. कुठं खाजतं ते सांगा. इथं?"

एवढ्या तोऱ्याची सासू, पोरीसारखी हुंदके देऊ लागली. मग खंडू उठला, हातातली कांडी खाली ठेवली, गार पाण्याचा तांब्या भरून आणला. भिवरेनं तांब्या घेतला. म्हणाली, "इतके दिवस कुठं होता हा तांब्या?" खंडू तिथंच बसला, आणि बायकोचा पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला. आळीदेखत घेतला. बायांनी तोंडाला पदर लावले, पण हसलं कुणी नाही.

मग तीन दिवस भिवरा विणे, सासू शेजारी बसे. भिवरेचा पाय खाजला की माग थांबे, सासू पाणी घाली. सासूचा पाय खाजला की माग थांबे, भिवरा पाणी घाली. पुनवेला लुगडं उतरलं. देवीला नेसवलं. उजेडात काठातले सुटलेले धागे साऱ्या नगराला दिसले. पुजारी पुढं आला, काठावर बोट ठेवलं. म्हणाला, "खोट आहे. मान काढून घ्यावा लागेल."

मान गेला की घरातली जागा गेली, हे भिवरेनं ऐकून ठेवलं होतं. पण सासू गर्दीतून पुढं झाली. पुजाऱ्याचं बोट काठावरून बाजूला केलं.

"मान न्यायचा तर न्या," म्हणाली. "पण खोट म्हणू नका. इथं माझ्या सुनेचा पाय खाजत होता, आणि तेव्हा मी पाहिलं नाही."

पुजाऱ्यानं मान खाली घातली. खाली देवीचे पाय होते. त्यानं ते पाहिले, जन्मात पहिल्यांदा पाहिले. मग म्हणाला, "जरा पाणी आणा रे कुणीतरी." मान गेला नाही. तेव्हापासून त्या नगरात देवीच्या पायांवर तेल ओतत नाहीत, गार पाणी घालतात.

जशी भिवरेला मांडी मिळाली, तशी तुम्हां-आम्हां मिळो. जे दुखणं जायचं ते जावो. जे जायचं नाही, त्याला विचारणारं माणूस मिळो. चला, अक्षता वाहा, आणि घरी जाताना वाटेवरच्या एकीच्या तरी घरात शिरा, तिचा पाय पाहा. ही साठां दोषांची कहाणी, एका तांब्याच्या पाण्यानं सुफळ संपूर्ण.