कोणाचा कोस?

जनावरं स्वतःच बाजारहाट करायची, तेव्हाची गोष्ट. भुरा नावाचं म्हातारं खेचर नाल ठोकून घ्यायला बाजारात गेलं. तिथे कोल्ह्याच्या दुकानातल्या नालांवर 'पाचशे कोस टिकेल' असं कोरलेलं होतं, तर शेजारच्या साळिंदराच्या दुकानातल्या नालांवर 'तीनशे'.

"सरळ हिशेब आहे, काका. माझीच घ्या," कोल्हा म्हणाला.

'सरळ' म्हटलं की भुऱ्याचे कान टवकारायचे. "कोस मोजला कुणी?"

"मीच की! माझी कोल्हेकुई ऐकू जाते, तिथवर एक कोस."

"आणि तुझा रे?"

"माझी आई चालून दमायची, तिथवर," साळिंदर म्हणालं.

भुऱ्यानं दोन्ही पुढचे पाय पुढे केले. "उजव्याला याची ठोका, डाव्याला त्याची. रस्ता एकच आहे."

दोघांचेही हातोडे वरच राहिले.