गोजराबाईच्या शिव्या

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. मोजायला बसलो तर गोष्ट राहील बाजूला. आमचं आंबेवळण तेव्हा बेचाळीस घरांचं होतं. एका चैत्रात भर दुपारी धरणी हलली आणि बेचाळीसच्या बेचाळीस घरं बसली. माणसं रानात होती म्हणून वाचली. धोंडजीची बायको तानू तेवढी घरात होती, ती गेली. त्या दिवसापासून धोंडजीनं बोलणं टाकलं. पडल्या घरापुढे तानूचं जातं घेऊन नुसता बसून राहायचा.

लोकांनी मातीच्या भिंती उभारायला घेतल्या. पण सकाळी उभारलेली भिंत संध्याकाळी खाली. मृग दीड महिन्यावर आलेला, पोराबाळांच्या डोक्यावर छप्पर नाही. सगळ्यांचे हातपाय गळाले होते. बोलायचे तेसुद्धा हळू, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं.

अशात नदीपलीकडून गोजराबाई आली. खांद्याला फावडं, कमरेला भाकरीचं गाठोडं. नाव गोजरा, पण जीभ म्हणजे अडकित्ता! ती तोंड उघडायची तेव्हा तिच्या गावची कुत्री शेपूट घालून शेजारच्या गावाला जायची, असं म्हणतात.

पाटलानं विचारलं, "बाई, तुम्हाला बोलावलं कुणी?"

"धरणीकंपाला तुम्ही आवतण धाडलं होतं का? मग माझ्याच आवतणाची चौकशी कशाला?" गोजराबाईनं पदर खोचला आणि चिखल तुडवणाऱ्या गड्यांकडे वळली. "मुडद्यांनो, चिखल तुडवताय की देवाला प्रदक्षिणा घालताय? आणि पाटील, मिशीला पीळ देऊन भिंत उभी राहत नसते. उतरा चिखलात!"

पाटील उतरला! आजवर त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांना असा राग आला, असा राग आला, की तो त्यांनी पायांतून चिखलावर काढला. चिखल लोण्यासारखा झाला आणि त्या संध्याकाळी भिंत उभीच राहिली.

मग गोजराबाईनं भिंतींनाही सोडलं नाही. एक भिंत झुकली होती. "सरळ उभी राहा गं भवाने, सासरी निघालीस का?" म्हणताच भिंत अशी झटक्यात सरळ झाली, की वर बसलेली कोंबडी धपकन खाली आली. शहाणे लोक म्हणतात, रागानं तुडवलेली माती चांगली मुरते, त्यात चमत्कार कसला? म्हणोत बापडे. त्या कोंबडीला विचारा म्हणावं.

दीड महिन्यात एकेचाळीस घरं उभी राहिली. उरलं धोंडजीचं. पण जात्याशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याला बघून गोजराबाईची जीभच उचलेना. "बाबा, जरा सरकता का?" म्हणाली, तेही इतक्या गोड आवाजात की गडी दचकले. तेही मग चिखलात हळूहळू पाय टाकू लागले. भिंत पडली. पुन्हा उभारली, पुन्हा पडली. डोंगरावर मृगाचा ढग काळाकुट्ट होऊन आला. गोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यानं नाही व्हायचं," म्हणत ती मटकन खाली बसली.

तेव्हा धोंडजी उठला.

"ए कजागबाई! साऱ्या गावाला शिव्या घातल्यास. माझ्या भिंतीनंच तुझं काय घोडं मारलं? मी काय परका आहे?"

गोजराबाईनं पदरानं नाक पुसलं. "परका? अरे थेरड्या, दीड महिना तोंडाला कुलूप घालून बसलास, आणि ढग डोक्यावर आल्यावर वाचा फुटली होय? तुझी तानू वरून बघत असेल, म्हणत असेल, माझ्या नवऱ्याचे पाय अजून कोरडे कसे! उतर चिखलात!"

धोंडजी उतरला. रडत होता, हसत होता आणि तुडवत होता. गोजराबाईच्या तोंडाला असा जोर चढला की ढगसुद्धा भिऊन डोंगरापलीकडेच थांबला, असं म्हणतात. भिंत झाली, छप्पर चढलं, शेवटची पेंढी बांधली गेली. मग तिनं वर बघितलं, "आता ये मेल्या!" म्हणाली, आणि पाऊस आला.

तेव्हापासून आमच्याकडे घराची पहिली भिंत कमरेएवढी झाली, की गावातल्या सगळ्यात तिखट बाईला मानानं बोलावतात. तिची ओटी भरतात, गूळपाणी देतात आणि ती गोजराबाईचं नाव घेऊन भिंतीला नि घरधन्याला पोटभर शिव्या घालते. आता सिमेंटची घरं झाली, पण शिव्या त्याच आहेत.

परवाच शाळेच्या नव्या मास्तरांनी घर बांधायला काढलं. मास्तर बाहेरगावचे, शिकलेले. आमची चांगुणा मावशी तिथं गेली आणि संकोचली. "छान बांधताय हो," एवढंच म्हणून परत आली. मास्तरांना दोन दिवस जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मावशीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मावशी," म्हणाले, "मी काय परका आहे?"

"थांब मुडद्या," मावशी आतून ओरडली, "वहाणा घालते नि आलेच!"