विरुपाक्षाचं अर्धं अंडं

आडवळणाच्या एका गावात विरुपाक्ष नावाचा भोळा संशोधक होता. मेथी खाऊन कोंबड्या जास्त अंडी देतात का, एवढाच त्याचा प्रश्न. कोंबड्या त्याच्या, मेथी त्याची, पण आकडेमोड केली शेजारच्या नलूताईंनी. यानं खाली सही ठोकली आणि मोकळा झाला. आता तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. ती झाली की पदवी, पदवी मिळाली की नोकरी, आणि नोकरी लागली तरच सुमित्रेचे वडील मुलगी देणार होते.

त्याचे मार्गदर्शक पंचवाघ सर म्हणाले, "मेथीवाली कोंबडी आठवड्याला सरासरी साडेचार अंडी देते, असं लिहिलंयस. म्हणजे काय रे?"

"बघून सांगतो, सर."

आणि शिरला की खुराड्यात! दुपारपर्यंत अर्धं अंडं शोधलं. सापडेना, तेव्हा कोंबड्यांवरच डाफरला.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, सरासरी म्हणजे सगळ्यांचं एकत्र करायचं आणि सारखं वाटायचं!"

"बरं, सर."

घरी आजोबांसाठी एरंडेल काढलं होतं आणि पाहुण्यांसाठी बासुंदी. विरुपाक्षानं दोन्ही एका पातेल्यात ओतलं आणि सगळ्यांना सारखं वाटलं. पाहुणे म्हणजे सुमित्रेचे आईवडील. संध्याकाळपर्यंत परसदारी रांग होती.

सर भडकले. "गाढवा, हिशेब कुणीही केला तरी सही तुझी आहे! नलूताईंशेजारी बस. त्या कसं करतात ते बघ आणि परीक्षेत अगदी तसंच करून दाखव."

"बरं, सर."

तो बसला. पापणी न लववता बघत राहिला. सगळं पाठ केलं.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. म्हणाले, "हा साडेचारचा आकडा कसा काढलात? करून दाखवा."

विरुपाक्ष खुलला. हे तर त्याला येत होतं! त्यानं खुर्चीवर मांडी घातली. नलूताईंनी पदरानं चष्मा पुसला होता. याला ना पदर, ना चष्मा. मग सरांचा चष्मा काढला आणि सरांच्याच सदऱ्याला पुसला. परीक्षकांचा चहा बशीत ओतून प्याला. डोकं खाजवलं.

"बरं, पुढे?" परीक्षकांनी मान पुढे करून विचारलं.

पुढे नलूताईंचे यजमान डोकावले होते. विरुपाक्ष परीक्षकांकडे वळला आणि हुबेहूब ताईंच्या आवाजात कडाडला, "अहो, तुम्हाला यातलं काही कळत नाही! मध्ये मध्ये करू नका. जा, भाजी घेऊन या!"

परीक्षक ताडकन उठले आणि तरातरा निघून गेले. सर डोकं धरून मटकन खाली बसले.

विरुपाक्षानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नका, सर. भाजी येऊ द्या. ताईंचंही उत्तर त्यानंतरच आलं होतं."