गोटूबाईचा शेणाचा लाडू आणि फुस्स झालेलं चाक

एक होती गोटूबाई.
काळी काळी. गोल गोल. बोराएवढी.
गोटूबाई कोण? शेणकिडी!

गोटूबाई लाडू करायची. कशाचा? शेणाचा!
ई!
आपल्याला ई. गोटूबाईला अहाहा!

एकदा सकाळी गोटूबाईने लाडू केला. म्हशीच्या शेणाचा. वळला, वळला, गोल केला. आत ठेवलं एक अंडं. अंड्यात होतं एक बाळ. इवलंसं. अजून झोपलेलं.
मग गोटूबाई लाडू घेऊन घरी निघाली. डोकं खाली, पाय वर. मागच्या पायांनी ढकल, ढकल.
गरगर, गर्रर्र! गरगर, गर्रर्र!

घाटाचा रस्ता. रस्त्याला वळण. वळणाच्या पुढे, कडेला, एक खळगा.
लाडू गेला खळग्यात. डुबुक्!
"अगं बाई!" गोटूबाई म्हणाली.

तेवढ्यात आली एक निळी गाडी. गाडी चालवत होती सरूकाकू. शेजारी बसले होते यमाजीकाका. काकांच्या मांडीवर झबलं, टोपडं आणि खुळखुळा. दोघं निघाली होती बारशाला.
गाडीचं मागचं चाक गेलं एका खिळ्यावरून.
फुस्स्स्स!
काकूने गाडी हळूच कडेला घेतली. चाक थांबलं कुठे? खळग्यावर! डब्याला झाकण बसतं ना, तसं बसलं. लाडू आत. चाक वर. गोटूबाई बाहेर.

गोटूबाई चाकाजवळ गेली. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक.
"चाका, चाका, ऊठ!
माझा लाडू सुटत नाही!"
चाक म्हणालं, "कसला लाडू?"
"शेणाचा."
"ई! आणि मी कसं उठू? माझ्यात हवाच नाही. मला पुढे ढकललं, तर तुझा लाडू होईल चपटा. मला सरळ वर उचलायला हवं. आधी जॅक उचलेल, मग मी उठेन."

जॅक कुठे? जॅक डिकीत. डिकी होती सुतळीने बांधलेली. गोटूबाई फटीतून आत शिरली. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक.
"जॅक, जॅक, उचल!
चाक उठत नाही,
माझा लाडू सुटत नाही!"
जॅक म्हणाला, "कसला लाडू?"
"शेणाचा."
"ई! मी नाही उचलणार. चाक हवेत गेलं की गरागरा फिरतं. मग नट ढिले होतात का? नाही होत! आधी नट ढिले होतील, मग मी उचलेन."

गोटूबाई गेली नटांकडे. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक.
चाकावर बसले होते चार नट. चौघे भाऊ. घट्ट, घट्ट, घट्ट, घट्ट.
"नटांनो, नटांनो, ढिले व्हा!
जॅक उचलत नाही,
चाक उठत नाही,
माझा लाडू सुटत नाही!"
"कसला लाडू?"
"शेणाचा."
"ई! ई! ई! ई!" चौघे म्हणाले. "आम्ही नाही ढिले होणार. आधी पाना फिरेल, मग आम्ही ढिले होऊ."

पाना कुठे? पानाही डिकीत. लांब दांड्याचा, मोठ्या तोंडाचा. गोटूबाई पुन्हा डिकीत. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक.
"पान्या, पान्या, फिर!
नट ढिले होत नाहीत,
जॅक उचलत नाही,
चाक उठत नाही,
माझा लाडू सुटत नाही!"
पान्याने जांभई दिली. आऽऽ! "कसला लाडू?"
"शेणाचा."
"ई! मी नाही फिरणार. मी जोर लावला आणि गाडी घरंगळली तर? घाट आहे, बाई, घाट! आधी धोंडा अडवेल, मग मी फिरेन."

रस्त्याच्या कडेला बसला होता एक धोंडा. खूप जुना. खूप जाडा. गोटूबाई गेली धोंड्याकडे. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक.
"धोंडोबा, धोंडोबा, अडवा!
पाना फिरत नाही,
नट ढिले होत नाहीत,
जॅक उचलत नाही,
चाक उठत नाही,
माझा लाडू सुटत नाही!"
धोंडा म्हणाला, "कसला लाडू?"
"शेणाचा."
"गाईच्या की म्हशीच्या?"
"म्हशीच्या."
"वा वा! छान असतं." धोंडा खूश झाला. "पण मी नाही अडवणार. मागून वळणावरून गाडी आली, तर तिला कसं कळेल, इथे कुणी थांबलंय? आधी त्रिकोण उभा राहील, मग मी अडवेन."

त्रिकोण कुठे? डिकीत!
"पुन्हा डिकीत!" गोटूबाई म्हणाली. "मघाशी सांगायचं ना!"
पण गेली बिचारी. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक.
त्रिकोण होता लाल लाल. चकाचक.
"त्रिकोणा, त्रिकोणा, उभा राहा!
धोंडा अडवत नाही,
पाना फिरत नाही,
नट ढिले होत नाहीत,
जॅक उचलत नाही,
चाक उठत नाही,
माझा लाडू सुटत नाही!"
"कसला लाडू?"
"शेणाचा."
"ई! मी नाही उभा राहणार. एकट्याने उभं राहायला मला लाज वाटते. आधी दिवे लुकलुकतील, मग मी उभा राहीन."

गोटूबाई गेली दिव्यांकडे. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक.
"दिव्यांनो, दिव्यांनो, लुकलुका!
त्रिकोण उभा राहत नाही,
धोंडा अडवत नाही,
पाना फिरत नाही,
नट ढिले होत नाहीत,
जॅक उचलत नाही,
चाक उठत नाही,
माझा लाडू सुटत नाही!"
"कसला लाडू?"
"शेणाचा!"
"ई! आम्ही नाही लुकलुकणार. आधी काकू बटण दाबेल, मग आम्ही लुकलुकू."

काकू कुठे? काकू गाडीत. काका पण गाडीत.
काकूचं तोंड इकडे. काकांचं तोंड तिकडे.
काय झालं होतं? चाक फुस्स झालं, तेव्हा काका म्हणाले होते, "बघ! मी म्हणत होतो, या रस्त्याने नको!"
काकू म्हणाली होती, "मग चालवा तुम्हीच!"
झालं! काकू रुसली. काका फुगले. बोलणं बंद!

गोटूबाईने पंख उघडले. भुर्रर्र! खिडकीतून आत. टपकन काकूच्या गुडघ्यावर.
"काकू, काकू, बटण दाब!
दिवे लुकलुकत नाहीत,
त्रिकोण उभा राहत नाही,
धोंडा अडवत नाही,
पाना फिरत नाही,
नट ढिले होत नाहीत,
जॅक उचलत नाही,
चाक उठत नाही,
माझा लाडू सुटत नाही!"
काकू म्हणाली, "मी नाही दाबणार जा! आधी ते बोलतील, मग मी बटण दाबेन."

भुर्रर्र! टपकन काकांच्या नाकावर.
"काका, काका, बोला!
काकू बटण दाबत नाही,
दिवे लुकलुकत नाहीत,
त्रिकोण उभा राहत नाही,
धोंडा अडवत नाही,
पाना फिरत नाही,
नट ढिले होत नाहीत,
जॅक उचलत नाही,
चाक उठत नाही,
माझा लाडू सुटत नाही!"
काका म्हणाले, "मी नाही बोलणार."
"पण काका, आत्ता बोललात की!"
"ते तुझ्याशी! तिच्याशी नाही. आधी ती हसेल, मग मी बोलेन."

आता काय करायचं?
काकू हसत नाही. काका बोलत नाहीत. आणि खळग्यात लाडू. लाडवात अंडं. अंड्यात बाळ.
गोटूबाईला रडू आलं. एक थेंब आला. मोहरीएवढा.
तेवढ्यात तिला दिसलं काहीतरी. खाली. काकूने काढल्या होत्या चपला. तिचे पाय होते उघडे. गुबगुबीत!
गोटूबाई खाली उतरली. गेली काकूच्या तळव्याखाली. सहा पाय गोटूबाईचे. सहाही पायांनी सुरू केलं.
गुदुगुदु! गुदुगुदु! गुदुगुदु!
काकूने ओठ दाबले. "म्म्म्म!"
गुदुगुदु! गुदुगुदु!
"म्म्म्फ्फ्फ् ... हा हा! हो हो! हू हू! ही ही ही ही!"

काकू हसली!
काका बोलले, "चुकलो गं. खिळा काय तू टाकलास का? चल, चाक बदलू."
काकूने हँडब्रेक ओढला. कर्रर्र! काकूने बटण दाबलं.
दिवे लुकलुकले. टिक टिक! टिक टिक!

"इकडून उतर," काका म्हणाले. "तिकडून गाड्या येतात." आधी काका उतरले, मग काकू उतरली. दोघं एकाच दारातून. काकू जरा अडकली. काकांनी ओढलं. टुप्प! निघाली.

काकांनी त्रिकोण घेतला. कडेकडेने मागे गेले. वळणाच्या पार पलीकडे.
त्रिकोण उभा राहिला. ताठ!
काका परत आले, आणि मागून आवाज आला. पोंऽऽ! पोंऽऽ!
कांद्याचा ट्रक! मोठ्ठा! वळणावर येत होता. भरधाव येत होता.
ट्रकला दिसला लाल त्रिकोण. मग दिसले दिवे.
ट्रक झाला हळू. अगदी हळू. रस्त्याच्या पलीकडून गेला. ट्रकवाला ओरडला, "काका, मदत करू का?"
"नको रे बाबा! आमचं जमतंय. सावकाश जा!"
काकूने छातीवर हात ठेवला. "अहो, त्रिकोण नसता तर?"
काकांनी तिच्या पाठीवर थोपटलं.

काकांनी धोंडा ढकलत आणला. हुश्श! हुश्श!
धोंडा अडवून बसला. पुढच्या चाकाला. "बसण्यात माझा हात कोण धरणार!"
पाना फिरला. कुईं! कुईं!
नट ढिले झाले. थोडेसेच. एक, दोन, तीन, चार.
काकांनी जॅक लावला. सपाट जागा बघून, कडक जागा बघून.
जॅकने उचललं. खटॅक! खटॅक! खटॅक!
चाक उठलं!

काकूने चारी नट काढले आणि ठेवले आपल्या चपलेत. म्हणजे हरवायला नकोत.
"चपलेत? ई! ई! ई! ई!" नट म्हणाले.
काकांनी चाक काढलं. थप्प!
खळगा दिसला. खळग्यात दिसला लाडू. गोल गोल. जसाच्या तसा!
"माझा लाडू!" गोटूबाई धावली. लुटुक लुटुक लुटुक लुटुक!
"थांब!" जॅक ओरडला. "गाडी वर असताना गाडीखाली कुणी जायचं नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. शेणकिडीसुद्धा नाही!"
गोटूबाई थांबली.

काकूने पाहिलं. "अहो, हे काय आहे?"
काकांनी वास घेतला. "शेण आहे गं! ई!"
"ई काय! कुणाचं तरी काहीतरी असेल."
काकूने एक लांब काठी घेतली. लांबूनच खळग्यात घातली. हळूच टोचलं. हळूच ढकललं.
गरगर, गर्रर्र!
लाडू आला बाहेर! आला थेट गोटूबाईच्या पायाशी.
गोटूबाईने त्याला मिठी मारली. सहा पायांची.

मग लागलं नवं चाक. डिकीतली स्टेपनी. "किती दिवस झोपले होते गं बाई!" ती म्हणाली. काकूने नट बसवले. जॅक खाली आला. मग पान्याने नट आवळले. समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन. घट्ट, घट्ट, घट्ट, घट्ट.
धोंडा गेला कडेला. काकांनी त्रिकोण परत आणला.
"आता कुठल्या रस्त्याने?" काकूने विचारलं.
"तू नेशील त्या रस्त्याने," काका म्हणाले.
ब्रूम्म! गाडी गेली बारशाला.

आणि गोटूबाई? डोकं खाली, पाय वर. गरगर, गर्रर्र! गरगर, गर्रर्र! रस्त्यापासून लांब, बांधाच्या पलीकडे, आपल्या घरी. लाडू मातीत ठेवला. वर माती लोटली. आणि बसली वाट बघत.
एक दिवस गेला. दोन दिवस गेले. पुष्कळ दिवस गेले.
एका सकाळी लाडवातून आवाज आला.
टुच्!
अंडं फुटलं. बाळ बाहेर आलं. पांढरं पांढरं, वाकडं वाकडं. त्याने इकडे पाहिलं, लाडू. तिकडे पाहिलं, लाडू. वर लाडू, खाली लाडू!
बाळाने एक घास खाल्ला. मचमच, मचमच.
गोटूबाईने बाहेरून विचारलं, "कसा झालाय रे?"
बाळ म्हणालं, "अहाहा!"

बाळाचं पोट भरलं, गोष्टीचं पोट रिकामं झालं!