कर्नलचं गवत

“रविवारी सामना खेळा, खुशाल खेळा! पण माझ्या गवताच्या एका पात्यावर जरी कुणाचा पाय पडला, तर मैदान कायमचं बंद. मी तिथं मका पेरणार!”

कर्नल तिबुर्सियोनं असं सांगितलं आणि ब्राझीलमधल्या त्या एवढ्याशा गावच्या फुटबॉल क्लबाच्या तोंडचं पाणीच पळालं. आता हा कर्नल काही पलटणीतला नव्हे हं. ज्याची जमीन मोठी, त्याला तिकडं कर्नल म्हणायची रीत. मैदानही त्याचंच. आणि राग यायला कारणही झालं होतं. गेल्या रविवारी चेंडू उडाला तो थेट त्याच्या काळ्या घेवड्याच्या ताटात! पांढरा कोट, पांढऱ्या मिशा, सगळ्यावर काळे ठिपके!

कप्तान वाल्देसीर रडकुंडीला आला. “गवत कापून टाकू का, मालक?”

“खबरदार विळा लावाल तर!”

“मग वर चटया अंथरू?”

“चटईखाली चिरडेल ते!”

तेवढ्यात संघाचे सदरे धुणारी झुरेमाबाई ओले हात पुसत पुढं आली. क्लबच बुडाला, तर ती धुणार कुणाचे?

“साहेब, माणसांचं समजलं. पण तुमच्या गाई मैदानात शिरल्या तर?”

“माझ्या गाई, माझं गवत! त्यांना अडवणारी तू कोण?”

“छे छे, मी कशाला अडवू!”

आणि खरंच, नाही अडवलं तिनं. उलट शेजारच्या, कर्नलच्याच कुरणाचं फाटक सताड उघडून दिलं. दोनशे गाई, चार दिवस!

रविवारी कर्नल येऊन बघतो, तर मैदानात काडी शिल्लक नाही.

“माझं गवत कुठाय?”

“तुमच्याच गाईंच्या पोटात, साहेब! आमच्या पोरांचा पाय तिथवर पोचला, तर जरूर मका पेरा.”

लोक खिदळले. पण कर्नल कसला ऐकतोय! मैदानभर वाकून वाकून हिंडला आणि एकदम ओरडला, “सापडलं! हे शेण बघा जागोजाग! हे म्हणजे माझंच गवत की! आता टाका बघू पाय!”

वाल्देसीर बूट काढायला लागला.

झुरेमाबाईनं सावकाश फावड्यावर शेणाचा एक पो उचलला. “बरं साहेब, गवत तर गवत. बोलवा तुमची गाय. तिनं खाल्लं तर आम्ही घरी जातो. नाही खाल्लं तर ते शेण, आणि आम्ही खेळतो!”

गाय आली. तिनं पो हुंगला. नाक मुरडलं. मग मान उंच केली आणि कर्नलच्या डोक्यावरची गवती टोपी ओढून मजेत चघळायला लागली! खाली मैदानासारखंच लख्ख टक्कल!

“बघा साहेब,” झुरेमाबाई म्हणाली, “गवत कुठलं ते तिला बरोब्बर कळतं!”

कर्नलला असं हसू फुटलं की पोट धरून तो खालीच बसला, तेही नेमका शेणाच्या पोवर!

“मैदान क्लबाला दिलं!” तो डोळे पुसत म्हणाला. “आणि झुरेमाबाई, ही गाय तू घेऊन जा. मालकाविरुद्ध साक्ष देणारी गाय मला नको!”