ढोलीतले अक्रोड

अस्वलांना हिवाळाभर बिनघोर झोप लागायची, त्या काळातली ही गोष्ट.

हिमालयाच्या एका उतारावर देवदारांचं दाट रान होतं. तिथली भुरी अस्वलीण झोपायला गुहेत शिरणार, तेवढ्यात खार नाचत आली. "भुरीमावशी, ऐकलंस का? माणसं इथे बर्फावरून घसरायला येणार आहेत. फक्त हिवाळ्यात! तू तर तेव्हा घोरत असतेस. तुझं काय जातंय?"

"आणि झाडं?" भुरीने विचारलं.

"एकाही झाडाला हात लावणार नाहीत. मी स्वतः विचारलंय. सगळ्यांनी हो म्हटलंय, तुझंच राहिलंय."

मागे उभ्या हरणांनी माना डोलावल्या. खार आपल्यातलीच, ती कशाला खोटं बोलेल? भुरीला मात्र हा गोडवा खटकला. एरवी ही खार तिला पाहताच शेंड्यावर पळायची. आज तिच्या मिशांना बिस्किटांचा वास येत होता.

भुरी खारीच्या देवदारापाशी गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिने ढोलीत पंजा घातला. या दिवसांत ती ढोली अक्रोडांनी गच्च भरलेली असायची. आज आत एक टरफलसुद्धा नव्हतं.

"झाडाला कोणी हात लावणार नाही ना गं?" भुरी म्हणाली. "मग तुझे अक्रोड कुठे हलवलेस?"

खारीची नुसती शेपटी हलत राहिली. हरणांच्या माना डोलायच्या थांबल्या.

त्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला, गुहाही उबदार होती. पण भुरी झोपली नाही. उतारावर डोळे लावून ती गुहेच्या दारात बसून राहिली.