उंबऱ्यावरची सलामी

"वस्ताद, पडायचं नाही कसं, तेवढं सांगा. बाकी मला काय नको."

बापूलाल वस्ताद तालमीतल्या हौद्याच्या कडेला बसून लाल मातीतले खडे वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"पार्किन्सन म्हणतो. गोळ्या वेळच्या वेळी घेतोय. पण अंगाचं लाकूड झालंय. वळायला गेलो की तोल जातो. आता पडून खुबा मोडला तर अंथरूण धरशील, म्हणालाय."

"मग काठी घे म्हणाला असंल."

"म्हणाला." हिंदुरावानं नाक मुरडलं. "काठी टेकत गावातनं फिरू मी? ह्या हिंदुरावची पाठ कुणी मातीला लावली नाही, वस्ताद. तुमचा पठ्ठ्या हाय मी."

खोटं नव्हतं ते. जवानीत त्याला चीत करणारा पंचक्रोशीत निघाला नव्हता. पण आता साठी उलटल्यावर न्हाणीच्या दारात, परसात, गडी आपल्याच पायांनी पडत होता. त्याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची.

"उभा राहा."

हिंदुराव उभा राहिला. गुडघे ताठ, मुठी आवळलेल्या.

वस्तादांनी उठून एक हात त्याच्या पाठीमागं धरला आणि दुसऱ्या हाताचं नुसतं बोट छातीला लावलं. हिंदुराव अख्खाच्या अख्खा मागं कलंडला आणि त्यांच्या हातावर आला.

"एवढा ताठ?"

"ते आजारानं, वस्ताद."

"आजाराचं आजाराकडं. त्यात तुझं किती?"

हिंदुराव सावरून पुन्हा ताठ उभा राहिला.

"मागच्या बारीला कुठं पडलास?"

"परसात. आमच्या हिनं, सुभद्रानं, धरायला हात घातला."

"मग?"

"मी झटकला."

"मग?"

"दोघं पडलो... तिचं मनगट मोडलं."

"कुठं हाय ती?"

"बाहेर, पायरीवर. बायका तालमीत येत न्हाईत न्हवं."

वस्तादांनी मान हलवली आणि पुन्हा खाली बसून खडे वेचायला घेतले.

"जा मग."

एवढंच? हिंदुराव मनातून चडफडला. एसटीचे दणके खात आलो ते एवढ्यासाठी? पण गुरूपुढं उलटं बोलायची त्याची छाती नव्हती. वाकता येईना, म्हणून नुसते हात जोडून तो निघाला.

दारात तालमीचा उंबरा होता. ओलांडायला म्हणून पाय उचलायला गेला, तर पाय भुईला चिकटलेले. ह्या दुखण्याची ही एक खोड. दार आलं की पाय रुततात आणि अंग मात्र पुढं धावतं. त्यानं चौकट घट्ट धरली.

बाहेर पायरीवरून सुभद्राबाई लगबगीनं उठली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तिनं डावा हात पुढं केला, पण उंबऱ्याशी येऊन तो थांबला. बाईमाणसानं ह्या दारातून आत यायचं नाही, हे ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती.

अलीकडं तो अडकला, पलीकडं ती.

"बाई, आत या," वस्ताद म्हणाले.

हिंदुराव दचकला. "वस्ताद, अहो तुमचा नेम..."

"नेम माझा हाय. तू तुझं बघ."

सुभद्राबाईनं चपला काढल्या, पदर सावरला आणि उंबरा ओलांडून ती नवऱ्यासमोर उभी राहिली. पुन्हा डावा हात पुढं केला.

हिंदुरावाचा एक हात चौकटीवर, दुसरा झुब्ब्याच्या खिशात. तो बाहेर निघेना.

"राहू दे," तो म्हणाला. "परत तुला घेऊन पडंन मी."

"पडू की मग दोघं. पर ह्या बारीला झटकू नका."

हिंदुरावाचे डोळे भरून आले. बऱ्याच वेळानं खिशातला हात बाहेर आला. अर्ध्या वाटेवर येऊन थबकला. हिंदुरावानं मान वळवून केविलवाणं वस्तादांकडं बघितलं.

वस्ताद मातीतच बसले होते.

"माझ्याकडं काय बघतोस? हात मिळवल्याबिगर कुस्ती लागलीया व्हय रं कधी?"